बिनदातांचं बाळ

२ डिसेंबर

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असशील. दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसून दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारणारी तुझी ताई स्वतः कधी कुणाला पत्र लिहीत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण फोनवर तू "हं", "बघू" आणि "ठेवतो" यांच्यापुढे जात नाहीस. कागद तुला मध्येच ठेवून देता येणार नाही. नाक खुपसायची सवय तुला लहानपणापासून आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचशीलच.

आधी खुशाली. बाबा ठणठणीत आहेत. जेवण व्यवस्थित, झोप व्यवस्थित, चिडचिड तर फारच व्यवस्थित. कवळ्यांचा कारखाना सध्या बंद ठेवलाय, जरा विश्रांती म्हणून. आई गेल्यापासून आम्ही तिघं इथेच राहायला आलोय हे तुला माहीत आहेच. सकाळी कामावर जाताना मी बाबांचा चहा थर्मासात भरून ठेवते आणि गॅसची मागची कळ बंद करून जाते. उगाच आपली खबरदारी.

पत्राचं कारण वेगळंच आहे. काल आमच्या चिऊने माळ्यावरून नाताळच्या गोठ्याची पेटी काढली. नऊ वर्षांची घोडी झाली तरी स्टुलावर चढताना मला हाक मारत नाही, सगळं तुझ्यावर गेलंय. आम्ही दोघींनी एकेक बाहुली कागदातून सोडवून टेबलावर मांडली आणि मला एकदम सगळं आठवायला लागलं.

तुला आठवतं का, आपला गोठा बघायला अख्खी गल्ली का यायची ते? बाकीच्यांच्या गोठ्यातली मरीया डोळे खाली घालून बसलेली, योसेफ गंभीर. आणि आपल्याकडे सगळे दात काढून हसतायत! बाबा म्हणायचे, "मला चेहरे जमत नाहीत, दात जमतात." जन्मभर माणसांच्या कवळ्या बनवणारा माणूस, तो ओठ मिटलेली बाहुली कशाला करेल? तिन्ही राजांचे दात मोजून घ्यावेत असे. मेंढ्यांनासुद्धा दाढा. उंटाला तर अक्कलदाढ केलीय, आणि ती किडकी दाखवलीय, कारण तेव्हा आपल्या मामाची दुखत होती. चर्चचे पाळक एकदा आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "इतका खूश गोठा मी उभ्या जन्मात पाहिला नाही." बाबांनी ते वाक्य वर्षभर गिऱ्हाइकांना ऐकवलं.

दात नव्हते फक्त बाळाला. तू जन्मलास त्या वर्षी बाबांनी ते केलं, प्लास्टरचं नाही, कवळीच्या हिरड्यांना वापरतात त्या गुलाबी मसाल्याचं. तळहातावर मावेल एवढं, हिरडीच्या रंगाचं, तोंड उघडं आणि आत काही नाही. आई म्हणाली, "अहो, देवाचं बाळ आहे, हिरड्या काय दाखवताय?" बाबा म्हणाले, "बाळाला हिरड्याच असतात." मग तुला दात आले आणि तू पहिला चावा त्याच्याच टाचेला घेतलास. ती खूण बाबांनी कधी घासून काढली नाही.

आणि जिना आठवतो? चर्चमधली संध्याकाळची उपासना संपवून आपण सगळे घरी यायचो. तुझ्या हातात किल्ली. तू एकटा वर जाऊन दार आतून लावून घ्यायचास, गव्हाणीत बाळ ठेवायचास, चांदणीचा दिवा लावायचास. आम्ही बाहेर जिन्यावर कुडकुडत उभे. आईच्या हातात केकचा डबा. मग बाबा, सराईच्या दारात योसेफाने विचारलं तसं, टकटक करून मोठ्या आवाजात विचारायचे, "जागा आहे का?" आणि आतून तुझा चिरका आवाज, "आहे! आत या!" एका वर्षी तू मुद्दाम "नाही" म्हणालास आणि आम्हाला तसंच उभं ठेवलंस. आई इतकी हसली की डबा हातातून निसटला, आणि त्या नाताळला आपण केक चमच्याने खाल्ला.

आईने ही प्रथा शेवटपर्यंत मोडू दिली नाही. तू गेल्यावरही आम्ही जिन्यावर उभे राहायचो. बाबा विचारायचे, आतून काही यायचं नाही, मग आई पर्समधून किल्ली काढायची. चिऊ एकदा म्हणाली, "आत कुणी नसताना आपण विचारतो कशाला?" तिला ते काम हवं होतं, घरात आता सगळ्यांत लहान तीच. आई म्हणाली, "ते मामाचं काम आहे. तो आला की त्याला विचार."

असो. मुद्द्यावर येते. बाळ तुझ्याकडे आहे. यंदा ते हवंय. येणार असलास तर सोबत आण. येणार नसलास तर नीट कापसात गुंडाळून पार्सल कर. पोस्टातली ओळख आहे, हरवणार नाही.

ताई

११ डिसेंबर

बारक्या,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, दोन ओळींची चिठ्ठी. "बाळ माझ्याकडे नाही. मी ते नेलं नव्हतं. मला वाटलं होतं, मला जागा नाही म्हणाल्यावर बाबांनीच ते कुठेतरी टाकून दिलं असेल."

खिडकीत बसल्या बसल्या वाचलं. समोर रांग होती. एका आजोबांनी, "बाई, शिक्का," असं दोनदा म्हटलं तेव्हा मी भानावर आले.

तुला माहीत नाही, म्हणून सांगते. तू पहाटे बॅग उचलून गेलास, त्यानंतर आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. स्वयंपाक करायची, वाढायची आणि उठून जायची. आदल्या दिवशी तुमच्या दोघांत जे झालं ते सगळं तिने जिन्यात उभं राहून ऐकलं होतं. तुला दूरच्या त्या मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी लागलेली, यंत्रावर दात कोरायची. बाबा म्हणाले, "दात तोंडात बसवायचा असतो, पडद्यावर नाही." तू म्हणालास, "आणि उद्या तुमच्या हाताला कंप सुटला तर?" मग बाबा म्हणाले, "माझ्या घरात तुझ्या यंत्राला जागा नाही." तू म्हणालास, "म्हणजे मलाही नाही." दोघंही एकापेक्षा एक शहाणे.

तर दोन दिवसांनी आईने गोठ्याची पेटी उघडली. सगळ्या बाहुल्या होत्या, बाळ नव्हतं. कागदाची पुडी तेवढी रिकामी. मी घाबरले, म्हटलं आता रडणार. आणि ती हसली रे. ती पुडी छातीशी धरून म्हणाली, "घेऊन गेला. बघ, रागावून गेला पण हे घेऊन गेला. म्हणजे येईल." त्या रात्री ती नीट जेवली. बाबा म्हणाले होते की नवीन करतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नवीन नको. गेलेलं परत येईल तेव्हा ठेवू," म्हणाली. तेव्हापासून दर नाताळला गव्हाण रिकामी. शेवटच्या आजारपणात तिने मला सांगितलं होतं, "त्याच्याकडे आहे ते, काळजी करू नकोस." मी काळजी करत नव्हते. काळजी तीच करत होती आणि त्या एका गोष्टीवर तगून होती.

आणि आता तू म्हणतोस, नव्हतंच.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. त्यांना हल्ली सगळं दोनदा सांगावं लागतं, पण हे एकदाच सांगावं लागलं. म्हणाले, "काय लिहिलंय, नीट वाच." मी वाचून दाखवलं. बराच वेळ टेबलक्लॉथची घडी सारखी करत बसले. मग म्हणाले, "खरं बोलतोय तो," आणि उठून खाली कारखान्यात जाऊन बसले, दिवा न लावता. मी हाक मारली तर, "आलो, अगं, आलो," असं म्हणाले. तसं उत्तर ते आईला द्यायचे.

बारक्या, ते काहीतरी लपवतायत. आणि मीही तुझ्यापासून लपवलंय. पुढच्या पत्रात सांगते, आज हात चालत नाही.

ताई

१६ डिसेंबर

बारक्या,

आधी माझं. बाबा ठणठणीत नाहीत. हाताला कंप आहे. दोन वर्षं झाली. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. कारखाना विश्रांतीसाठी बंद नाही, वाकडी कवळी एका बाईंच्या हातात गेली आणि त्या बिचाऱ्या काही न बोलता ती घालून हसायचा प्रयत्न करायला लागल्या, तेव्हा बाबांनीच आतून कडी लावली. विसरायलाही लागलेत. चिऊचं नाव आठवत नाही, पण उंटाची दाढ कुठल्या बाजूची ते आठवतं. तुला मुद्दाम कळवलं नाही. तू "कंप" हा शब्द ज्या दिवशी तोंडातून काढलास तो दिवस ते विसरलेले नाहीत, आणि तू बरोबर होतास हे तुला कळवायला माझं मन धजेना. आता कळवलं. त्यावर काही बोलू नकोस.

आता बाळाचं. काल त्यांनी मला खाली बोलावलं. "बस," म्हणाले. स्वतः उभेच. मग पायाने कारखान्याचं दार लोटलं आणि दाराला अडसर म्हणून लावलेला तो पांढरा धोंडा मला दाखवला. तू तो पाहिलेला नाहीस, तू गेल्यावर आलाय तो. प्लास्टरचा ओबडधोबड गोळा, मोठ्या पावाएवढा. माझा अंगठा त्याला किती वेळा ठेचलाय आणि मी त्याला किती शिव्या घातल्यात त्याला गणती नाही. दुपारी आई कारखान्याच्या दारात बसून भाजी निवडायची, तेव्हा त्याच्यावर पाय ठेवायची. म्हणायची, बरी उंची आहे.

बाबा म्हणाले, "त्यात आहे."

मला वाटलं डोकं भरकटलं. पण ते अगदी सरळ बोलत होते, तुला शिकवायचे तसं. त्या दिवशी तुमचं भांडण झालं, तू वर निघून गेलास. ते खाली बसून राहिले. आणि त्यांच्या मनात आलं, जायचंच आहे तर जाऊ दे, पण रिकाम्या हाताने नको. त्याचंही घर होईल, तिथेही गोठा होईल. म्हणून बाळाची प्रत करायला घेतली. एक इथे राहील, एक तुझ्याबरोबर. साच्यासाठी बाळ खालच्या प्लास्टरमध्ये अर्धं बसवलं, वरून दुसरा थर ओतला. दोन्ही भाग सुटे व्हावेत म्हणून मध्ये साबणाचं पाणी लावायचं असतं ना, ते लावायला विसरले.

साबणाचं पाणी, बारक्या! तू एकदा ते विसरलास म्हणून तुला पंधरा दिवस नुसती भांडी घासायला लावणारा माणूस. "ज्याचं मन हातात नाही त्याने प्लास्टर कालवू नये," असं तुला सगळ्यांसमोर म्हणाले होते. त्या दिवशी त्यांचंच मन हातात नव्हतं. सकाळी बघतात तर दोन्ही भाग एकजीव, सांधासुद्धा दिसेना. म्हणाले, "म्हटलं, दुपारी करवतीने कापून काढू. रोजचंच काम. वर येऊन बघतो तर तो गेलेला."

मी विचारलं, "मग काढलं का नाही? आईला सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो. तो गेला म्हणून ती बोलेना, मलाही बोलवेना. मग तिने पेटी उघडली. आणि हसली. तूच सांग, काय बोलणार होतो मी? तुझा मुलगा काहीही घेऊन गेला नाही, असं?"

मी वाकून धोंड्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "दर वर्षी वाटायचं, आता तो येईल आणि खोटं उघडं पडेल. पडू दे, तो येऊ दे म्हणजे झालं. आला नाही. ती त्याच्यावर पाय ठेवून भाजी निवडायची आणि मी आत बसून बघायचो." मग म्हणाले, "मी तिला फसवलं का गं?"

मी म्हटलं, "नाही बाबा." मला खरंच तसं वाटतं. तुला काय वाटेल ते तुझं तू ठरव. पण हे ठरवताना इतकं लक्षात ठेव की तू गेलास तेव्हा खालच्या मजल्यावर हा माणूस तुझ्यासाठी प्रत करत होता, आणि तुला वाटत राहिलं की त्याने मूळच टाकून दिलं.

तुझे भावजी म्हणाले, आणा इकडे, छिन्नीने दोन मिनिटांत फोडतो. बाबा त्यांच्या अंगावर असे ओरडले की चिऊ माझ्यामागे लपली. स्वतःला करवत धरता येत नाही, दुसऱ्याला धरू देत नाहीत. "पाय कुठे आहे, डोकं कुठे आहे, बाहेरून कळत नाही. तुकडे होतील. त्यालाच येतं ते. साच्यातून काढताना त्याने माझी एकही कवळी मोडली नाही." एवढी स्तुती तुझ्यासमोर केली असती तर आपल्याला इतकी टपाल तिकिटं लागली नसती.

मी आडून आडून बोलत नाही आता. ये. बाळासाठी नाही, त्यांच्यासाठी ये. त्यांना अजून तू आठवतोस, पुढच्या नाताळला आठवशील की नाही मला सांगता येत नाही. मला भीती वाटते रे. सकाळी त्यांच्या खोलीचं दार उघडताना रोज वाटते. आणि एकटीने घाबरून घाबरून मला कंटाळा आलाय.

ताई

२४ डिसेंबर, दुपार

बारक्या,

हे पत्र टपालात नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे, म्हणजे वाचतोयस तेव्हा तू घरात आहेस. "येतो" एवढा एकच शब्द पाठवलास. शब्दांवर जकात बसते का तुमच्याकडे?

आम्ही उपासनेला गेलोय. तुझी गाडी त्याच वेळेला पोचते, म्हणून किल्ली खालच्या बेकरीवाल्या काकांकडे ठेवली. त्यांनी तुला ओळखलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नकोस, ते आता कुणालाच चष्म्याशिवाय ओळखत नाहीत. सूप गॅसवर आहे, मागची कळ उघडून घे. केक झाकलेला आहे, त्याला हात लावायचा नाही. मला कापलेला कोपरा लगेच कळतो.

गोठा मांडलेला आहे. धोंडा धुऊनपुसून कारखान्याच्या टेबलावर ठेवलाय, बाबांनी आणि चिऊने मिळून उचलला. हत्यारं काल बाबांनी स्वतः काढून ठेवली. बारीक करवत, लाकडी हातोडी, सुरी. पुसायला त्यांना अख्खी सकाळ लागली, मी मध्ये पडले नाही. बाजूला एक वाटी दिसेल, साबणाच्या पाण्याची. आणि गुलाबी मसाल्याचा डबा, नवीन, सील न फोडलेला. मी म्हटलं, "बाबा, धोंडा फोडायला साबणाचं पाणी कशाला?" माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच वेंधळी. म्हणाले, "फोडायला नाही. दुसरं करायचंय ना. त्याला जाताना न्यायचंय."

बघ, त्यांनी तुला जायला परवानगी दिलीय. तू यायच्या आधीच. मला हे वाक्य ऐकून आधी राग आला, मग रडू आलं, मग मी कांदा चिरायला घेतला म्हणजे कुणी विचारणार नाही.

आज फक्त आपलं काढ. दुसरं उद्या त्यांच्या शेजारी बसून कर. ते सांगतील, तू ऐक. त्यांना एखादी पायरी आठवली नाही तर हळूच आठवण कर, त्यांनाच आठवली असं वाटू दे.

टाचेवरची खूण बघ. तुझीच आहे.

मग गव्हाणीत ठेव, चांदणी लाव आणि दार आतून लावून घे. चिऊला मी सांगितलंय की यंदा आतून कुणीतरी उत्तर देणार आहे. तिचा विश्वास बसत नाही. ती म्हणते, तुम्ही दर वर्षी विचारता आणि मग आपणच दार उघडतो. तू आजच पोचतोयस हे बाबांना सांगितलेलंच नाही, सांगितलं असतं तर विसरले असते आणि मग परत परत विचारत बसले असते. त्यांना नुसतं जिन्यावर उभं करायचं ठरवलंय. दार वाजवायचं त्यांना आठवतं, आणि काय विचारायचं तेही.

लगेच उत्तर दे. या वेळी मस्करी करू नकोस, जिना फार थंड असतो आणि त्यांना जास्त वेळ उभं राहवत नाही.

ताई